अक्कांच्या किटलीत तांब्याभर पाणी

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर ओळीओळीला चुकलं असेल. चौथीनंतर पाटी सुटली, सांभाळून वाचा. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

दुष्काळाचं साल होतं. घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात टँकर सोमवारी अन् गुरुवारी यायचा. टीव्ही गावात एकच, सहकारी दूध डेअरीत. रविवारी त्यावर हेराची मालिका लागायची. तो हेर फार बोलायचा नाही. कोपऱ्यात बसायचा, कुणाच्या ध्यानात यायचा नाही — अन् त्याला सगळं दिसायचं. मला तो फार आवडायचा. मीही तशीच, तोंडावर पदर धरून मागं बसणारी.

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, हिंदी समजायच्या. सोमवारी टँकरच्या रांगेत त्या सगळी गोष्ट सांगायच्या, आवाज बदलून, डोळे बारीक करून. बाया हंडे विसरायच्या. "अक्का, तुमी म्होरं या!" म्हणायच्या. मी मागंच.

एकदा मी ओळखलं — मालिकेतला फितूर तो घड्याळजीच. त्याच्या दुकानात एकही घड्याळ बरोबर चालत नव्हतं. मी अक्कांच्या कानात सांगितलं. पुढच्या रविवारी तेच निघालं. अन् सोमवारी रांगेत अक्का म्हणाल्या, "मी तर तवाच वळखलं व्हतं!" बायांनी टाळ्या पिटल्या. अक्कांनी माझ्याकडं एकदा तरी बघायचं की नाही? एवढ्याशानं माणूस जळतं का? — मी जळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का म्हशीला वैरण टाकायला वळल्या, तेव्हा त्यांच्या दुधाच्या किटलीत मी तांब्याभर पाणी ओतलं. लेकरांसाठी राखलेलं, प्यायचं पाणी. कुणी पाहिलं नाही.

डेअरीत दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी सोडली, डिग्री भरेना. सेक्रेटरी ओरडला, "गावात प्यायला पाणी न्हाई, अन् तुमच्याकडं दुधात वतायला हाय का?" सगळे हसले. अक्का नुसत्या किटलीकडं बघत राहिल्या. त्यांचा दहा दिवसांचा पगार — दुधाच्या पैशाला आमच्याकडं पगारच म्हणतात — दंडात गेला. दूध घेणंही बंद केलं. मग वैरण कशातून आणायची? म्हैस पडत्या भावात विकली. कधी न गेलेल्या अक्का त्या साली ऊसतोडीला गेल्या.

अक्का गेल्यावर रांगेत एक बाई मला म्हणाली, "सुमन, तू मालिका बघतीस न्हवं, आता तू सांग की गोष्ट." मी पदर तोंडावर ओढला अन् हंडा घेऊन रांगेत मागं सरले. तेव्हाही अक्कांचाच राग आला मला. का आला, ते विचारू नका.

पुढं डेअरी मोडली, सेक्रेटरी वारले. मी वर्षानुवर्षं शेळ्या राखून पैसे जमवले — त्या पगाराचे, म्हशीत आलेल्या खोटीचे — अन् अक्कांच्या हातात ठेवले. म्हटलं, "डेअरीचा जुना हिशेब निघाला. तुमची चूक नव्हती म्हणत्यात."

अक्का रडल्या. म्हणाल्या, "हिशेब आपसूक निघत न्हाई. माझ्यासाठी तूच एकली भांडलीस गं, सुमे."

मी मान हलवली. होय म्हणून.

पैसे सगळे फिटले. एक रुपया राहिलेला नाही.