आईच्या आवाजासाठी प्रोग्राम सापडेना

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला गावच्या विहारात माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि माझा लॅपटॉप मला विचारत होता, ही फाईल कशात उघडू? खाली प्रोग्रामांची नावं दिसायला हवी होती. तिथं पांढरी रिकामी जागा.

आमच्या गावात बुद्धवंदना आईच सांगायची. ती एक ओळ म्हणायची, मग सगळे तिच्या मागून म्हणायचे. सुट्टीत नातवंडांना पाठ व्हावी म्हणून मी ती याच लॅपटॉपवर भरून घेतली होती, प्रत्येक ओळीनंतर मुलांना म्हणायला जागा सोडून. आईचा आवाज म्हणून आमच्याकडं तेवढाच उरला होता. आज वंदना तिच्याच आवाजात व्हावी, असं बाबा म्हणाले होते.

आदल्या संध्याकाळी मी ती वाजवून बघितली होती. आता फाईलवरचं ते गाण्याचं चित्रसुद्धा गेलेलं.

"दादा, ह्याला कुणी हात लावला?"

"सकाळी ते अपडेट करू का म्हणून इचारायलं होतं. मी हो म्हणलो."

"तुला कुणी सांगितलं हो म्हणायला?" मी त्याच्या अंगावर ओरडलेच. माझा राग आधीच नाकावर असतो, त्यात हे.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. परभणीला ऑफिसात आम्ही तेच वापरतो. दादाला ते मुळातच पटत नाही. "गेली का मग फाईल?" तो हळूच म्हणाला. मी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिले. दर वेळी तोच प्रश्न, तीच रिकामी जागा.

बौद्धाचार्य पुढं येऊन म्हणाले, "ताई, मी सुरू करू का? लोक लय वेळचे बसलेत."

"थोडं थांबा."

पहिल्या रांगेतून बाबांनी विचारलं, "हाय का गं आवाज?"

"हाय, बाबा," मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.

फाईलचा आकार बघितला. चांगली मोठी होती, रिकामी नव्हती. म्हणजे आवाज जागेवर असावा. कुठली फाईल कशात उघडायची, एवढंच मशीन विसरलं असावं. मग फाईलचा नाद सोडून मी मेनूत शिरले. गाणी वाजवायचा प्रोग्राम तिथं होता, जिवंत. तो आधी उघडला आणि त्याच्या आतून फाईल शोधून दिली.

स्पीकर खरखरला. आई खाकरली. मग पहिली ओळ आली.

आणि तिच्या मागून कुणीच काही म्हणेना. आईनं सोडलेली जागा तशीच गेली. तिनं दुसरी ओळ घेतली.

या वेळी बाबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर "तू म्हण, मी ऐकतो" म्हणून मागं बसणारा माणूस. त्यांना धड पाठही नव्हती. अडखळत, शब्द चाचपत ते म्हणायला लागले. मुलांसाठी सोडलेली ती जागा त्यांना पुरली नाही. त्यांची ओळ अर्ध्यावर असतानाच आईची पुढची सुरू झाली.

बाबा स्पीकरकडं बघत म्हणाले, "थांब की गं जरा."