डोळ्यांपर्यंत आलेला फोटो

घोडेगावच्या एका फोटो स्टुडिओत मला बोलावलं ते नव्या स्विचसाठी. मी ओतूरचा. दुकानांतल्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडायच्या आणि त्या बंद पडल्या की शिव्या खायच्या, हा माझा धंदा. स्टुडिओवाल्याकडं हार्ड डिस्कचा एक जुना डबा होता, त्यात कित्येक वर्षांची लग्नं साठवलेली. सगळे कॉम्प्युटर एका स्विचमधून, म्हणजे वायरी एकत्र आणणाऱ्या पेटीतून, त्या डब्याला जोडलेले. जुना स्विच जळाला, पुण्याहून नवा आणला, आणि तेव्हापासून फोटो धड उघडेनात.

"उघडत न्हाई असं न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "अर्धा उघडतोय. तुमीच बघा."

त्यानं एका तरुणाचा फोटो उघडला, भावाच्या लग्नात एकट्याचा काढलेला. वरून खाली चित्र उतरू लागलं. मांडवाची झालर, फेटा, कपाळ, डोळे. डोळ्यांखाली सगळं राखाडी. पुन्हा उघडला. कधी भुवयांपाशी थांबला, कधी पापण्यांखाली, ओठांपर्यंत एकदाही नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच मला राग आला. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारं गिऱ्हाईक मला सोसत नाही आणि इथं मीच भ्यायलो होतो.

बाकावर दोघी बसल्या होत्या, त्या तरुणाची आई आणि बायको. तळेघरच्याही वरच्या वाडीतून पायी उतरून, मग एसटीनं आलेल्या. उद्या त्याची दशक्रिया. फ्लेक्सवर लावायला हा एवढाच फोटो, कारण त्याच्या मोबाईलचा त्याच्याबरोबरच घाटात चुरा झाला होता.

स्टुडिओवाला माझ्या कानाशी लागला. "सुनंच्या म्हायेरची न्यायला आलीत. दुसरं लगीन लावायचं म्हंत्यात. चार वर्साची पोरगी हाय, ती मातुर आजीपाशीच ठिवायची. सून पोरीला सोडून जायाला तयार न्हाई. सासूचं अजून काय ठरंना."

त्याचं कुजबुजणंही रस्त्यावर ऐकू जाईल असं होतं. सुनेनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी लॅपटॉप घेऊन टेबलाखाली बसलो. डब्याला हाक मारायची एक साधी आज्ञा असते, ती दिली. प्रत्येक हाकेला ओ आली. फाईलींची यादी मागितली, सगळ्या लग्नांची नावं धडाधड आली. नावं पूर्ण येत होती, माणसं तेवढी अर्धी. डब्याचा पंखा घरघरत होता आणि मला उगाच वाटत राहिलं की आत कुणीतरी दम धरून बसलंय.

शेवटी कारण सापडलं. मालकानं कधीकाळी डब्याचा वेग आणि बोलायची रीत हातानं ठरवून ठेवली होती. नवा स्विच आधी विचारतो, कसं बोलू या? डबा उत्तर देत नाही. मग स्विच अंदाजानं धरून चालतो की एक बोलला की दुसऱ्यानं गप्प बसायचं. डबा बोलतच राहतो. चार शब्दांचं काम निभावतं, मोठा फोटो अडकतो. स्विचलाही हातानंच तोच वेग, तीच रीत बांधून दिली की झालं. मी आज्ञा टाइप करू लागलो.

तेवढ्यात वर आई उठली. पडद्यासमोर उभी राहिली आणि त्या दोन डोळ्यांना हात जोडले. पिंडाला कावळा शिवत नसला की आमच्याकडं घरची माणसं गेलेल्याला मोठ्यानं शब्द देतात, अमुक करू, तमुक करू, आता ये. उद्या नदीच्या घाटावर करायचं ते तिनं आजच, स्टुडिओत, सुरू केलं.

"बाळा, तुझ्या लेकीला शिकवीन."

राखाडी तसंच.

"भाताचं खाचर तुझ्या बायकूच्या नावानं करीन. काय ऱ्हायलंय तुझं, सांग की रं."

मी टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलो, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"बरं, हिला धाडते म्हायेरी. दुसरं घर करू दे तिला. पोर मी संभाळीन."

मी एंटर दाबलं. डब्याचा दिवा विझला, पुन्हा लागला, आणि वर आई किंचाळली.

टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा तो पूर्ण उतरला होता. नाक, मिशी, ओठ. तोंड उघडं, बोलता बोलता टिपलेलं.

"झालं," आई रडत म्हणाली. "त्याच्या मनात ह्येच व्हतं."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण सहज म्हणतो. मी म्हणालो, "मावशी, वेगाचं होतं ते. मी आत्ताच दुरुस्त केलं." ती माझ्याकडं बघून मान हलवत राहिली, लहान मुलाचं ऐकावं तशी. मी आणखी एकदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. उद्या दशक्रिया असलेल्या बाईशी वाद घालायची मला लाज वाटली. त्या लाजेची मला आज जास्त लाज वाटते.

मालकानं फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवला. आई मालकाबरोबर मजकूर ठरवायला शेजारच्या दुकानात गेली. मी वायरी गुंडाळत होतो. सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टेबलाखालचा माझा हात तिला बाकावरून दिसत होता, हे मला तेव्हा कळलं.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "ते परत अर्धं करता येईल का?"