बारशाच्या दिवशी उतरलेलं अपडेट

घुगऱ्या शिजल्याचा वास आला की मला पुतणीचं बारसं आठवतं. नांदूरघाटच्या आमच्या घरात पाळणा सजला होता आणि तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला. तो सगळ्यांना नीट दिसावा म्हणून मी मोबाईलचं नेट लॅपटॉपला देऊन व्हिडिओ कॉल लावला. रेंजसाठी तो उसाच्या ट्रॉलीवर चढला होता. "जरा जवळ धर, तोंड दिसंना तिचं," म्हणाला, आणि चित्र अडकलं. लॅपटॉपनं मला न विचारताच अपडेट उतरवायला घेतलं होतं. ते थांबवायचं बटण शोधेपर्यंत दिवसभराचा डेटा संपला. "थांबा जरा," मी म्हणालो. "आता कावून थांबायचं? मुहूर्त टळंल की," आई म्हणाली. बहिणीनं बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. पडद्यावर भाऊ तसाच थिजलेला, कान पुढे करून. रिचार्ज मारून फोन लावला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "काय ठिवलं रं नाव?" आता पुतणी शाळेत जाते. सेटिंग बदलल्यापासून लॅपटॉप दरवेळी आधी विचारतो, आणि मी दरवेळी 'नको' दाबतो.