दहा कांड्यांचा ऊस

खांद्यावर ऊस टाकून वर्गात शिरणारा मास्तर तुम्ही पाहिला नसेल. मी तसा शिरलो होतो, दरबारातल्या भालदाराच्या थाटात. सगळ्यांनी नीट पाहावं म्हणून दारात क्षणभर थांबलोदेखील. त्या क्षणभराची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी अमरावतीत मास्तरकी शिकत होतो. शेवटचा पाठ हेडमास्तरसाहेबांसमोर द्यायचा असे. बरोबरीचे उमेदवार मागच्या बाकांवर बसत आणि तुमच्या चुका टिपत. पाठ पडला की नोकरी गेली, मग अकोल्याला परत जाऊन वडिलांबरोबर वांग्यामेथीच्या वाफ्यांना पाणी द्यायचं. वाफ्यांशी माझं वैर नव्हतं. पण जुन्या शहराच्या बाजारात भाजी तोलताना वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने न विचारता, "पोरगा मास्तर होऊन राह्यला" असं सांगत. तो बाजार मला परत तोंड दाखवू देणार नव्हता.

माझ्या वाट्याला आले होते चौथीचे दशांश. पोरांना पावकी-निमकी तोंडपाठ. त्यांच्या घरी सगळं जग सोळा आण्यांत मावे. शेतातलं पीकसुद्धा आठ आणे नाहीतर बारा आणे येई. कशाचेही दहा भाग करणं हा त्यांच्या लेखी साहेबलोकांचा चाळा होता. मी म्हटलं, यांना दहा भाग असे दाखवतो की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. वडिलांना निरोप धाडला: चांगला लांब ऊस पाठवा. वडील मळ्यातला सगळ्यात देखणा ऊस घेऊन सकाळच्या गाडीने स्वतःच आले. मी पाचट काढलं, शेंडा छाटला आणि बरोबर दहा कांडी ठेवली. वडील वर्गाबाहेर खिडकीपाशी पडवीत बसले.

सुरुवात तर अशी झाली की विचारू नका.

"हा अख्खा ऊस म्हणजे एक. मग एक कांडं म्हणजे?"

"दहावा हिस्सा!" पोरं गरजली.

मी फळ्यावर ०.१ लिहिलं आणि मागच्या बाकांकडे विजयी नजर टाकली. मग ०.३ आणि ०.७ लिहून विचारलं, "यात मोठं कोण?"

पहिल्या रांगेतल्या एका पोराने मान तिरकी केली. "कोन्त्या बाजूनं, गुर्जी?"

"बाजूचा काय संबंध?"

"बुडखा असन तं तीन कांडे बस झाले. शेंड्याकडचे सात घेऊन का करू? फिके लागते."

"अन् बुटके बी रायते," शेजारच्याने भर घातली.

"गुर्जी, मले बुडाचे द्या!"

"तुलेच काहून? मी आंधी बोललो!"

मी उसाकडे पाहिलं. मळेवाल्याच्या घरात जन्मलेला मी. बुडाची कांडी लांब, शेंड्याची आखूड, हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक होतं. मिरवायच्या नादात तेवढंच विसरलो होतो. मागच्या बाकांवर कुणीतरी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत होतं.

"मास्तर," हेडमास्तरसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमचे दहा भाग सारखे आहेत का?"

"नाहीत, साहेब."

"मग ते दशांश कसे?"

मी काही बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला. "साहेब, ऊस चांगला हाय! म्या सोता निवडला. पोराची चूक नाई त्यात."

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. "हे कोण?"

"माझे वडील, साहेब." हे मी फळ्याला सांगितलं.

"ऊस उत्तमच आहे, बुवा," साहेब खिडकीकडे पाहून म्हणाले. "पाठ वाईट आहे." आणि माझ्याकडे वळून, "घंटेला वेळ आहे. करा पुढे."

पुढे काय करणार, कपाळ? एकसारखी लांब वस्तू हवी होती आणि वर्गात तशी एकच होती, माझ्या डोक्यावर. वडीलधाऱ्यांसमोर बोडकं उभं राहणं तेव्हा सुतकात शोभे. तरी मी फेटा उतरवला, उलगडला, माझ्याच हाताने दहा हात मोजून खडूने खुणा केल्या आणि खुणेखुणेला एकेक पोरगं उभं केलं. बांधल्यावर फेट्याच्या बाहेरच्या घड्या नव्या दिसत, पण आतला मधला तुकडा आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा होता. तो पुरा उजेडात आला.

"गुर्जी, हे तं लुगडं होय!"

यावर साहेबसुद्धा हसले. मी घसा खाकरला आणि विचारलं, "तीन मोठे की सात?"

"सात."

"कोणत्या बाजूने?"

"कोन्त्याबी!"

मग मी एकाच हाताचे पुन्हा दहा सारखे भाग आखले आणि फळ्यावर ०.३ च्या खाली ०.०७ लिहिलं. सात पाहून काहीजण ओरडलेच, "सात मोठे!" पण तो मघाचा मान तिरकी करणारा पोरगा फेट्याजवळ गेला. त्याने सात बारक्या रेघा बोटाने मोजल्या, मग तीन हातांवरून नजर फिरवली.

"ह्या साताचं घर लहान हाय, गुर्जी. त्याले एक हातही पुरा होत नाई."

घंटा झाली. साहेब उठले. "पास करतो. ऊस पोरांना वाटून टाका. आणि मास्तर, आधी फेटा बांधा."

मी फेटा गोळा केला, डोक्यावर एक वेढा घेतला, तो कानावर आला. दुसरा घेतला, तो डोळ्यावर आला. मला फेटा बांधता येतच नव्हता. सकाळी तो वडिलांनी बांधून दिला होता. उमेदवार, चौथीची पोरं आणि साहेब, सगळे थांबून पाहत होते. वडिलांनी पायताणं पडवीत काढली आणि ते वर्गात आले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड सरळ केलं.

"मान हालवू नको," ते म्हणाले. "मास्तर झाला ना आता."

मी मान हलवली नाही. जमिनीकडे पाहायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.