माग बंद असताना वाचलेली कविता

कविता छापायला कुठे द्यायची, असं हल्ली मला कोणी कोणी विचारतं. विचारणाऱ्यापेक्षा मलाच जास्त घाम फुटतो. मी आठवी अर्ध्यावर सोडलेला माणूस. जिंतूरच्या पुढच्या एका वस्तीतून पोटासाठी आधी इचलकरंजीला गेलो, तिथून बेळगावच्या वडगावात आलो आणि यंत्रमागावर साड्या विणायला लागलो. जे काही मला ठाऊक आहे ते सगळं एका बाईंनी सांगितलेलं आहे. त्यामुळे कोणी विचारलं की मी सल्ला देत नाही, त्या बाईंकडे मी कसा गेलो ते सांगतो.

मागावर उभं राहून मी कविता करायचो. यात काही मोठेपणा नाही. मागाच्या कारखान्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, खुणांनीच काम चालतं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो. माणूस तिथे एकटाच असतो, आणि कितीही मोठ्यानं बोललं तरी कोणाला काही कळत नाही. गावापासून इतका लांब आलेला मी, बोलायला कोणी नाही, तेव्हा मागाशीच बोलायचो. पुढे पुढे ते बोलणं मागाच्या ठोक्यावर बसायला लागलं. ओळ जमली की धाग्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून ठेवायची. मालकाला, म्हणजे अण्णाला, वाटायचं मी गाणी म्हणतो. "तोंड हालतंय तुझं, धागा तुटला तिकडं बघ," एवढंच तो खुणेनं सांगायचा.

एकदा केस कापायला बसलो असताना दुकानात मागच्या वर्षीचा एक दिवाळी अंक हाताला लागला. इथलाच, बेळगावातून निघणारा. त्यात एक पान अशा माणसासाठी राखून ठेवलेलं होतं ज्याचं त्याआधी कुठेही काही छापून आलेलं नाही. खाली फोन नंबर होता. तो नंबर मी पाठ करून आलो, पण फोन लावायला बरेच दिवस गेले. लावला तेव्हा पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला.

"कविता पाठवू का?" मी विचारलं.

"पाठवू नका. रविवारी दुपारी घरी या. त्या पानासाठीची कविता मी कानानंच निवडते."

बेळगावातल्याच अनगोळात त्यांचं घर. बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या निपाणीच्या. आई विड्या वळायची आणि वळता वळता मुलीकडून पुस्तक वाचून घ्यायची, म्हणून सगळं मोठ्यानं वाचून कानानं जोखायची सवय, असं त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. पुढच्या खोलीत भिंतभर दिवाळी अंक रचलेले. मी दारातच चप्पल कुठे काढावी या विचारात उभा. "मॅडम" म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम ब्यांकेतच ठिवून आलो मी. आक्का म्हणा." इकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात. त्याची सवय व्हायला मला वर्ष गेलं होतं.

"म्हणा आता," आक्का म्हणाल्या.

कविता आईवर होती. माझ्या पाळीच्या वेळेलाच आई नेमकी फोन करते, मला काही ऐकू येत नाही, मी नुसतं हो म्हणतो, असं काहीतरी. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला आक्कांनी कानांवर हात ठेवले. शेजारच्या घरातली खिडकी उघडली. कोणीतरी विचारलं, "काय झालं हो? भांडण हाय काय?"

मला कळेनाच. मग आक्का हसायला लागल्या.

"अरं, हळू. आईची कविता म्हणालास न्हवं? माझ्या अंगावर का ओरडतोयस? हितं माग न्हाय."

ती कविता मी जन्मात कधी मागाशिवाय म्हटलीच नव्हती. एवढ्या आवाजाच्या वर चढूनच ती तयार झाली होती. माझे कान लाल झाले. पण 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर आल्या तेवढ्यानं मला जरा धीर आला. पाणी प्यालो आणि हळू आवाजात म्हणायला गेलो, तर जमेना. पायाखालची पायरी काढून घ्यावी तसं झालं. ठोका नाही तर ओळ उभीच राहीना.

माय बोलते फोनवरती रे, माय बोलते फोनवरती
धोटा धावे डावीकडती रे, धोटा धावे उजवीकडती

मागावर हे झकास वाटायचं. त्या शांत खोलीत मला स्वतःलाच ऐकू आलं की यातलं निम्मं मागाचं आहे, माझं नाही. 'रे' कशाला आहे? ठोका भरायला. तीच ओळ दोनदा का? धोटा परत येईपर्यंत काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

आक्कांनी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "जिथं केलीस तिथंच हुबा ऱ्हा, माग बंद असताना वाच. तुला जे लाजल्यासारखं होईल ते काढ. गणपतीच्या आधी आणून दे, नंतर अंक छापायला जातो. त्या पानासाठी आनी एक पोरगी हाय खानापूरची. तिची बरी हाय. तुझी बरी झाली तर बघू."

निघताना मी भीत भीत विचारलं, "तोवर हीच कविता अजून दोन-तीन अंकांना पाठवून ठेवू का?" आमच्या धंद्यात साडीचा नमुना एकाच वेळी चार व्यापाऱ्यांना दाखवतात, ज्याला पटेल त्याला माल. त्यात गैर काही नसतं.

आक्कांनी चष्मा काढला. "साडी चौघांसाठी चार विणता येतात. कविता एकच हाय. दोघांनीबी छापली तर दोघंबी पुढच्या वर्षी तुला दारात उभं करणार न्हाईत. एकाला दे, त्याचं हो-नाही येऊ दे, मग दुसऱ्याला."

जाता जाता त्यांनी जुन्या अंकांचा गठ्ठा हातात दिला. कुठल्या अंकाला काय आवडतं ते वाचल्याशिवाय पाठवायचं नाही, ही त्यांची पहिली अट. विकत घ्यायला जमत नसेल तर दिवाळीनंतर रद्दीच्या दुकानात हिंडायचं, नाहीतर गावातल्या जुन्या वाचनालयात बसून वाचायचं. आणि कोणी आपणहून फोन करून म्हणालं की तुमची कविता आमच्या संग्रहात घेतली आहे, फक्त एवढ्या प्रती तुम्ही विकत घ्या, तर आधी दोन दिवस थांबायचं. छापून येणं आणि स्वतःची प्रत स्वतः विकत घेणं यातला फरक ओळखायचा. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढायलाही त्यांची ना नव्हती, फक्त ते उघड्या डोळ्यांनी काढावं, खाटेखाली न खपलेले गठ्ठे ठेवायची तयारी असेल तर.

आता माग बंद कधी असतात? लाईट गेली की सगळे बाहेर चहाला जातात आणि शेजारचा जनरेटर सुरू होतो. रात्रपाळी असतेच. खोलीवर आम्ही चौघं, तिथे कविता म्हटली तर झालंच. इथे अख्खी गल्ली गप्प असते ती फक्त अमावास्येला. त्या दिवशी विणकर मागाला हात लावत नाहीत. पूजा करतात, नारळ फोडतात आणि कुलूप लावतात. गणपतीच्या आधी एकच अमावास्या राहिली होती, श्रावणातली. ती हुकली की पान त्या खानापूरच्या मुलीचं, आणि मी पुढच्या वर्षापर्यंत इथे असेन की दुसऱ्या कुठल्या गावी, कोणाला ठाऊक. आम्हा लोकांचं असंच असतं.

म्हणजे अण्णाकडे किल्ली मागणं आलं. किल्ली मागायची तर कारण सांगणं आलं. कविता करतो हे मी वडगावात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. पूजेच्या आदल्या दिवशी धीर करून सांगितलं.

अण्णानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कविता. म्हंजे ते तोंड हालत होतं ते?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्याही तोंडात इकडचं यायला लागलं होतं.

"आणि मी समजत होतो तू मला शिव्या देतोयस." त्यानं कमरेची किल्ली चाचपली. "अमावास्येला आत काय काम करायचं न्हाय बघ. आवाज करायचा न्हाय."

"आवाज नकोच आहे, अण्णा."

"मग ये. पण किल्ली देणार न्हाय. मीबी बसतो."

पूजा झाली. मागांवर हळदीकुंकू, हार. वहिनींनी, म्हणजे अण्णाच्या बायकोनं, नारळाचा तुकडा हातावर ठेवला आणि त्याही दारापाशी बसल्या. मी माझ्या मागासमोर नेहमीच्या जागी उभा राहिलो. इतकी वर्षं त्या जागी उभा होतो, पण बाहेर गल्लीत सायकलची घंटा वाजलेली तिथे पहिल्यांदा ऐकली. पुठ्ठा हातात धरला आणि हळू आवाजात वाचायला लागलो.

पहिल्यांदा पूर्ण वाचली. लाज वाटली. मग एकेक ओळ सोडत गेलो. 'रे' गेले. डावीकडचा आणि उजवीकडचा धोटा गेला. शेवटी आई आणि पोराचं भलंमोठं रडगाणं होतं, तेही माझ्या तोंडून निघेना. शेवटी उरलं ते असं:

माय फोनवर काहीतरी विचारते.
मी हो म्हणतो.
ती पुन्हा तेच विचारते.
मी पुन्हा हो म्हणतो.

आणखी थोडं आहे पुढे, पण एवढ्यावरून कळेल.

मी थांबलो. अण्णा वाट पाहत होता. "संपली?"

"संपली."

"मला वाटलं अजून सुरू व्हायची हाय."

वहिनी त्याला म्हणाल्या, "गप बसा की. तुमचा पोरगा बेंगळूरास्नं फोन करतोय तवा तुमीबी हेच करताय." अण्णा उठून दाराकडे गेला. कुलूप लावताना त्यानं मला सांगितलं की आई फोन करते ती वेळ सांग, तेवढ्यापुरता बाहेर जात जा. तेव्हापासून मी जातो. त्याचे उपकार आहेत.

दोन दिवसांनी अनगोळला गेलो. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात लिहून नेली होती. आता सगळे मोबाईलवर टाईप करून ईमेलनं पाठवतात, आणि तेच बरं. खाली नाव, पत्ता, फोन तेवढं विसरू नये, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. आक्कांनी कागद घेतलाच नाही. "म्हण," म्हणाल्या. मी म्हटली. या वेळी शेजारची खिडकी बंदच राहिली.

आक्का उठून आत गेल्या, बहुतेक चहा टाकायला, आणि आतूनच म्हणाल्या, "त्या खानापूरच्या पोरीला मी दुसरा अंक सांगितलाय, कोल्हापूरचा. तिथं तिचं होईल. हे पान तुझं."

मला धड आभारसुद्धा मानता आले नाहीत. मी विचारलं, "पण तिला वाईट नाही वाटायचं?"

"वाटंल की. तुलाबी वाटलं असतं." त्या कप घेऊन आल्या. "हिवाळ्यात इकडं गावोगावी संमेलनं भरतात, तिथं कवींची नावं आधीच घेतात. तुझं नाव कळवतो मी. तिचंबी. आता सांग, कवितेखाली नाव घालतो तसं गावबी घालतो आमी. काय घालू?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत नव्हतं. आमच्या वस्तीत हा अंक कोण बघणार. इथे मात्र गल्लीत फिरेल. आणि वडगाव म्हटलं तर वस्तीवरच्या आईला मी काय सांगू, की तुझ्यावर लिहिलं आणि गाव दुसऱ्याचं लावलं?

"चहा निवतोय," आक्का म्हणाल्या.

"वडगाव घाला," मी म्हणालो.

चहा प्यालो, पाया पडलो, बाहेर आलो. बसथांब्यावर उभा राहिलो तसं मन खायला लागलं. पहिली बस जाऊ दिली. मग फोन लावला.

"आक्का, दोन्ही गावं घातली तर चालेल काय? वडगाव आणि आमचं?"

"चालंल की," पलीकडून आवाज आला. "कवितेतच लई जागा सोडलायस. सांग तुझ्या गावाचं नाव, लिहून घेतो."

मी सांगितलं. त्यांना नीट कळेना, म्हणून एकेक अक्षर करून सांगितलं. दुसरी बस आली, तरी मी सांगतच होतो.