खिशातले पितळी जोड

ऑनलाइन परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि माझ्या यादीत एकच काम उरलं होतं, केबलचं. त्यासाठी उदगीरच्या आमच्या कॉलेजात एक माणूस आला. जमिनीखालच्या पाइपातून केबल ओढायचा त्याचा फायबरचा रॉड तीन जागी मोडलेला होता आणि तिन्ही जागी नुसती काळी टेप गुंडाळलेली होती. दर दोन मिनिटांनी तो शर्टाचा खिसा चाचपायचा. खिशात रॉड सांधायचे पितळी जोड खुळखुळत होते.

“जोड आहेत, मग टेप कशाला?” मी विचारलं.

“जोड चिकटवला की रातभर वाळू द्यावा लागतो, म्याडम. अन् ते चांगल्या कामाला ठेवलेत.”

“मग हे कसलं काम आहे?”

“हे तर अर्जंट हाय!”

रॉड टेपेपाशीच तुटला. निम्मा आत अडकला, पाइप बंद झाला आणि आमची मुलं परीक्षेसाठी पहाटेच्या बसनं लातूरच्या केंद्रावर गेली.

महिन्याभरानं तो शेजारच्या दवाखान्यापुढं दिसला. रॉड आखूड झाला होता, टेप नवी होती. मला पाहून तो ओळखीचं हसला आणि त्यानं खिसा चाचपला. जोड तसेच खुळखुळले. चांगलं काम त्याला अजून मिळालेलं नव्हतं.