लघवी झाली का?

पंचवटीतले आमचे डॉक्टर कुणाला रामराम घालत नसत. भर भाजीबाजारात ओळखीचा माणूस दिसला की पहिला प्रश्न, "लघवी झाली का?" बायका तोंडाला पदर लावत, टांगेवाले खिदळत. डॉक्टरांना त्याचं काही नसे.

तो प्रश्न आमच्या मळ्यावर आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. वांगी तोडताना वडिलांना घोणस चावली. मी तेव्हा बी. ए.ला होतो, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि ते सांगायला मी कधी लाजलो नाही. पण त्या दिवशी मीही सगळ्यांसारखा वडिलांच्या तोंडाकडे बघत उभा होतो. रिवाजाप्रमाणे त्यांना कडुनिंबाचा पाला चावायला दिला होता. पाला कडू लागला म्हणजे विष उतरलं. "लय कडू हाय," वडील म्हणाले, आणि शेजाऱ्यांनी नारळ फोडला.

डॉक्टर सायकलवरून आले. वडिलांच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. त्यांनी सुईनं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी धरून बाजेवर बसले. बऱ्याच वेळानं आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"खोबरं कसलं वाटताय? विष आतच आहे. त्यानं अंगभर बारीक गुठळ्या होतात, रक्ताची गोठायची ताकद त्यातच संपते. म्हणून हे थांबत नाही. आणि त्याच गुठळ्या मूत्रपिंडात अडकतात. सखाराम, लघवी झाली का?"

"सकाळपास्नं नाय, डॉक्टर," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी विषावरची लस टोचली. हिरड्यांतलं रक्त थांबलं, पण लघवी होईना. तोंड सुजलं, धाप लागली. पाणी पाजलं की होईल म्हणून आई तांब्या घेऊन पुढं झाली. डॉक्टरांनी तो काढून घेतला.

"वहिनी, मोरी तुंबल्यावर वरून घागर ओतता का? मी सांगेन तेवढाच घोट."

"तहानेनं मारता काय माझ्या माणसाला?"

"मारायचं असतं तर तांब्या तुमच्या हाती ठेवून घरी गेलो असतो."

डॉक्टर रोज यायचे, लघवीसाठी ठेवलेल्या कोरड्या मडक्यात डोकावायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. आईनं त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं.

एका सकाळी ते अंगणात सायकल लावत होते, तेवढ्यात आत मडक्यात थेंब वाजले. डॉक्टर हँडल धरून तसेच उभे राहिले.

"पुन्हा, सखाराम," ते बाहेरूनच म्हणाले. पुन्हा वाजले. आईनं डोळ्यांना पदर लावला.

पुढं वडील भाजीची पाटी घेऊन त्यांच्या गल्लीत शिरले की त्यांनी विचारायच्या आत ओरडत, "झाली, डॉक्टर!" अख्खी गल्ली हसे.

डॉक्टर गेले तरी वडिलांनी ती गल्ली सोडली नाही. त्यांच्या बंद दाराशी पाटी टेकवत, घाम पुसत, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगत, "झाली, डॉक्टर."